कप्तानाचे बूट माळ्यावर

माननीय संपादक,

दहावी लागली की आमच्या महाल भागात पोरांचे खेळाचे बूट माळ्यावर जातात. माझेही गेले. शाळेच्या कबड्डी संघाचा मी कप्तान. बाबांनी एका रविवारी इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसवलं, तो आजवर तिथेच. उधारी कुठवर ताणू द्यायची, हे मला चढाईनंच शिकवलं. दम संपायच्या आधी मधली रेषा गाठायची!

म्हणूनच खेळ आणि शिक्षण दोन्ही सांभाळणाऱ्या न्यूझीलंडच्या रग्बीपटू डेव्हिड कर्कचं मला अप्रूप. १९८७ च्या पहिल्या रग्बी विश्वचषकात ठरलेला कर्णधार अँडी डाल्टन जखमी झाला आणि धुरा कर्ककडे आली. ऑकलंडच्या ईडन पार्कवर फ्रान्सला २९-९ असं लोळवलं, त्यात एक ट्राय (म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) त्याचा. तेव्हा रग्बीत अधिकृत मानधन नव्हतं, व्यावसायिक खेळ आला १९९५ साली. हा गडी डॉक्टरकी शिकलेला. र्‍होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला आणि पुढे ऑस्ट्रेलियात फेअरफॅक्स मीडिया या वृत्तपत्र कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. म्हणजे वर्तमानपत्रवाल्यांचाच मालक म्हणा ना. (मालक नव्हे, पण पगार तोच काढणार.) १९८६ मध्ये वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेच्या बंडखोर, म्हणजे मंडळाच्या परवानगीविना निघालेल्या, दौऱ्यावर जायला त्यानं नकार दिला, हे मला विश्वचषकाहून मोठं वाटतं.

निकालाच्या दिवशी तुम्ही गुणवंतांचे पेढे खातानाचे फोटो छापता, छापा. सोबत मैदानावर टिकून दहावी केलेल्या एखाद्या पोरीचाही छापा की.

पुतण्याचं यंदा दहावीचं वर्ष आहे. बूट अजून दारातच आहेत. वहिनी रोज माळ्याकडे बघतात.

— एक दुकानदार, महाल, नागपूर