शेपूट गायब आहे हे ओळखणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलांच्या गुणांचा वेबवरचा फॉर्म साठवताना शेवटच्या ओळी गायब व्हायच्या; आता तो १८० च्या १८० ओळींसकट साठवला जातोय. आभार मानायचे तर तुमच्या त्या पहिल्या प्रश्नाचेच मानायला हवेत: "सगळंच गायब आहे, एखादा रकाना गायब आहे, की शेपूट गायब आहे?"

तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं. कॅशे साफ करा, ब्राउझर बदला, रकान्याच्या 'नेम'चं (कोडमधल्या नावाचं) स्पेलिंग तपासा, एवढंच. होस्टिंगवाल्यांनी तर 'आमच्याकडून सगळं ओके' म्हणत तिकीट बंद करून टाकलं. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही १६७ वी ओळ मागितलीत. तीत रोल नंबर आणि नाव होतं. तोंडी, लेखी, प्रात्यक्षिक, शेरा हे चारही रकाने कोरे. पुढच्या १३ मुलांचा तर पत्ताच नाही. मग तुम्ही कागदावर हिशेब मांडून त्याचा फोटो पाठवलात: १६६ × ६ = ९९६, वरची हिडन फील्ड (पडद्यावर न दिसणारे रकाने) २, अर्धवट ओळीतली २. बेरीज १०००, आणि तिच्याखाली पेनानं ओढलेल्या दोन रेघा. त्या दोन रेघा पाहून जो जीव भांड्यात पडला, तो शब्दांत सांगता येणार नाही.

पीएचपी म्हणजे सर्व्हरवर फॉर्म वाचणारी भाषा; एका वेळी किती फील्ड घ्यायची ही तिची मर्यादा, 'मॅक्स इनपुट व्हार्स', मुळात १००० वर असते. २०११ च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत हॅशच्या टकरी घडवून (मुद्दाम निवडलेल्या फील्ड-नावांचा मारा करून) सर्व्हर कसा अडवता येतो ते दाखवलं गेलं, आणि जानेवारी २०१२ च्या ५.३.९ आवृत्तीत ही मर्यादा आली. तिच्यापुढचं सगळं पीएचपी टाकून देतं. इशारा जातो एरर लॉगमध्ये; पडद्यावर मात्र 'माहिती साठवली' असंच दिसतं.

'स्क्रिप्टमध्ये आयएनआय सेट (प्रोग्रॅममधूनच सेटिंग बदलणारी आज्ञा) लिहा' असंही एकानं छातीठोकपणे सांगितलं होतं. ते का चालत नाही, हे तुम्ही एका वाक्यात समजावलंत: स्क्रिप्टची पहिली ओळ चालायच्या आधीच डेटा वाचून, कापून झालेला असतो. मर्यादा पीएचपी डॉट आयएनआय किंवा यूझर डॉट आयएनआय अशा सेटिंगच्या फाइलमध्येच वाढवायची, आणि दुसऱ्या फाइलचा बदल दिसायला ३०० सेकंद लागू शकतात, तोवर पुन्हा पुन्हा बदलत बसायचं नाही. तुम्ही हे आधीच बजावलंत म्हणून निभावलं.

तुमचा प्रश्न इतरांनाही उपयोगी पडावा म्हणून उरलेली दोन उत्तरंही लिहितो. सगळंच गायब असेल तर पोस्ट मॅक्स साइझ बघा (पाठवलेल्या एकूण डेटाची मर्यादा, मूळ ८ एमबी), किंवा एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर रीडायरेक्ट होताना पोस्टचं (डेटा पाठवणाऱ्या विनंतीचं) गेट (नुसतं पान मागणारी विनंती) झालंय का ते. जेसन (डेटा मजकुराच्या रूपात लिहायची एक पद्धत) पाठवत असाल तर पोस्टचा, म्हणजे फॉर्मचा डेटा जिथे मिळतो तो, अ‍ॅरे रिकामाच राहणार, ते पीएचपी इनपुटमधून (आलेल्या कच्च्या डेटातून) वाचावं लागतं. एखादाच रकाना गायब असेल तर त्याला नेमच नाही, तो डिसेबल्ड (बंद केलेला) आहे, किंवा चेकबॉक्सवर टिक नाही.

ज्याला येतं त्यानं समोरच्याला अडाणी न ठरवता सांगावं, एवढं साधं माणूसपण किती दुर्मीळ झालंय!

तुम्ही सुचवलेलं 'शेवट' नावाचं हिडन फील्ड फॉर्मच्या तळाशी टाकलंय. ते पोचलं नाही तर आता एकही ओळ साठवली जात नाही.

आपला कृतज्ञ,
गुणपत्रकांचं सॉफ्टवेअर सांभाळणारा