पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या मूळपुरुषासाठी बाईंचे आभार

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानले, ईमेलवर मानले, आणि दोन्ही वेळा तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते इतरांनाही कळलं पाहिजे.

माझं सासर पेन्सिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीचं. घराण्याचा मूळपुरुष १७४९ साली जर्मनीहून फिलाडेल्फियाला आला, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ. त्यामागचं काही मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. एका दूरच्या नातलगाने फार वर्षांपूर्वी केलेली टंकलिखित वंशावळ तेवढी होती. तिच्यात हा माणूस जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गमधल्या एका पाद्र्याचा मुलगा म्हणून दाखवला होता. सासऱ्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे. हे खरं की खोटं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापून झालेला, त्यामुळे या कामाची मला उपजतच ओढ. मी हौसेने पुढे झाले आणि पहिल्याच जर्मन कागदापाशी अडले.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तुमच्याकडे शिकलेलं जर्मन छापील होतं, आणि समोर आली ती अठराव्या शतकातली हाताने लिहायची कुरेंट लिपी. तिच्यात 'ई' हुबेहूब 'एन'सारखा दिसतो, 'यू'च्या डोक्यावर आकडी असते, आणि पाद्री घाईत असला की सगळी ओळ एकसारख्या दातेरी रेघांची होते. मोडी न येणाऱ्या माणसापुढे पेशवे दफ्तरातला रुमाल सोडून ठेवावा, तशी माझी गत झाली. तुम्ही हायडेलबर्गला असताना ही लिपी शिकला होतात, हे मला आठवलं आणि मी इतक्या वर्षांनी तुम्हाला पत्र टाकलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. त्यात पहिला प्रश्न होता, "तो पाद्र्याचा मुलगा, हे कशावरून?"

त्या प्रश्नासाठी तुमचे सर्वांत जास्त आभार.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. पेन्सिल्व्हेनियाच्या सरकारने १७२७ च्या सप्टेंबरपासून असा नियम केला की, जहाजातून उतरणाऱ्या जर्मन पुरुषांनी इंग्लंडच्या राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यायची आणि सही करायची. सोळा वर्षांवरच्या पुरुषांनीच. एकेका जहाजाच्या तीन याद्या होत: एक कप्तानाची, एक राजनिष्ठेच्या शपथेची आणि एक पोपचा व इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्यातल्या दावेदाराचा अधिकार नाकारणाऱ्या शपथेची. कप्तानाच्या यादीत जर्मन नावं इंग्रजी कानांना ऐकू येतील तशी उतरत, त्यामुळे एकाच माणसाची तीन याद्यांत तीन नावं दिसतात. शपथेच्या याद्यांवर मात्र ज्याला लिहिता येई तो स्वतःच्या हाताने सही करी. ज्याला येत नसे तो खूण करी आणि कारकून शेजारी नाव लिही. या याद्या १९३४ मध्ये तीन खंडांत छापल्या गेल्या, आणि त्यातल्या एका खंडात सह्यांच्या प्रतिमा जशाच्या तशा आहेत.

१७४९ हे त्या स्थलांतराच्या ऐन भरातलं वर्ष. आमच्या मूळपुरुषाच्या नावाची त्या एका हंगामात दोन माणसं उतरलेली. जुन्या वंशावळीने त्यातला एक उचलला, बहुधा पाद्र्याचं घर शोभून दिसतं म्हणून. तुम्ही म्हणालात, "नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. घरातल्या पोरांपैकी निम्मे तर योहान असत. सही दाखव."

बर्क्सचं मुख्य ठिकाण असलेल्या रेडिंगच्या कोर्टात आमच्या मूळपुरुषाचं मृत्युपत्र होतं. त्यावरची सही आणि यादीतल्या त्या दोघांच्या नोंदी तुम्ही शेजारी शेजारी लावल्यात. म्हातारपणी हात थरथरत होता, तरी आडनावाच्या सुरुवातीच्या अक्षराची रेघ खाली नेऊन उजवीकडे वळवायची लकब त्यातल्या एकाच्या सहीतलीच. दुसऱ्याने, म्हणजे जुन्या वंशावळीने उचललेल्याने, तर सहीच केली नव्हती, खूण केली होती. पाद्र्याच्या घरात वाढलेल्या मुलाला स्वतःचं नाव लिहिता येऊ नये, हे तुम्हाला तिथेच खटकलं. पण खटकणं हा पुरावा नाही, असंही तुम्हीच म्हणालात, आणि वुर्टेम्बर्गच्या त्या गावची चर्चची वही पान पान वाचलीत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो पाद्र्याचा मुलगा गावातच एका बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा होता. जहाज तर सप्टेंबरातच लागलेलं. म्हणजे पाद्र्याचा मुलगा त्या दोघांपैकी कुणीच नव्हता.

मग आमचा माणूस कुठला? इथे तुम्ही जो रस्ता दाखवलात तो मला कधी सुचला नसता. त्याला सोडून द्या म्हणालात, त्याच्या शेजाऱ्यांना धरा. बर्क्सकडच्या टल्पेहॉकन खोऱ्यातल्या लुथरन चर्चमध्ये त्याच्या पोरांचे बाप्तिस्मे झाले, आणि प्रत्येक बाप्तिस्म्याला धर्ममाता-धर्मपिता म्हणून तीच दोन-तीन जोडपी. त्यातलं एक आडनाव दुर्मीळ होतं. त्या आडनावामागे गेलात तेव्हा नैर्ऋत्य जर्मनीतल्या क्रायश्गाउ भागातलं एक खेडं सापडलं, आणि तिथल्या वहीत आमचं कुटुंब होतं. लग्न, चार बाप्तिस्मे, एक दफन, आणि शेवटी पाद्र्याने समासात लिहिलेली बारीक ओळ: नव्या देशाला गेले. ती ओळ तुम्ही लाल चौकट करून पाठवलीत. सासरे ते पान बराच वेळ हातात धरून बसले होते.

त्या गावात शेवटचा बाप्तिस्मा मे महिन्यातला. त्यानंतर ऱ्हाइन उतरायची, वाटेत जागोजागी जकात नाके, रॉटरडॅमला जहाजाची वाट बघायची, इंग्लंडच्या किनाऱ्यावर काउझला थांबायचं आणि मग अटलांटिक. फिलाडेल्फियाची तारीख वाचताना तुम्ही अकरा दिवस वाढवायला सांगितलेत, कारण ब्रिटिश मुलखातलं कॅलेंडर १७५२ पर्यंत तितकं मागे होतं. तान्हं बाळ घेऊन निघालेल्या त्या बाईचा एवढा प्रवास झाला, पण तिचं नाव कुठल्याच यादीत नाही. बायकापोरं त्या शपथेच्या याद्यांत नसतच. ते बाळही पुन्हा कुठल्या कागदात दिसत नाही. १७५० मध्ये याच वाटेने गेलेल्या गोटलीब मिटलबर्गरने लिहून ठेवलं आहे की, एक ते सात वर्षांची मुलं या प्रवासातून क्वचितच वाचतात. मी हे तुम्हाला कळवलं तेव्हा तुम्ही उत्तरात दुसरं काही न लिहिता त्या बाळाचं नाव, जन्मतारीख आणि धर्ममातेचं नाव स्वच्छ अक्षरात लिहून पाठवलंत, वंशावळीत घालायला. जुन्या वंशावळीत ते बाळ नव्हतंच.

आईही नव्हती. तिच्या जागी "पत्नी" एवढाच शब्द होता. तिचं माहेरचं नाव तुम्ही लग्नाच्या नोंदीतून काढलंत, आणि बर्क्समधल्या मृत्युपत्राचं जर्मन वाचून तिचं उतारवय आमच्यापुढे ठेवलंत. नवऱ्याने शेत थोरल्या मुलाला देताना तिच्यासाठी एकेक गोष्ट मांडून ठेवली होती: राहायला खोली, लोखंडी शेगडीजवळची जागा, एक गाय आणि तिचा चारा, वर्षाला ठरावीक गहू, बागेचा एक तुकडा, सफरचंदं, आणि जळण फोडून दारापर्यंत आणून देण्याची अट. त्या भागातल्या जर्मन मृत्युपत्रांत अशा तरतुदी नेहमीच्या, असं तुम्ही सांगितलंत. तरी ते वाचताना मला भरून आलं. मुलाने जळण नुसतं दिलं तर चालणार नाही, फोडून द्यायचं, एवढा विचार त्या माणसाने केला होता.

कार्ल्सरूहच्या सरकारी अभिलेखागाराला जर्मनमध्ये पत्र तुम्ही लिहिलंत. गाव सोडण्याची परवानगी, भूदासत्वातून सुटका करून घेण्यासाठी भरलेली रक्कम आणि मालमत्तेतला दहावा हिस्सा, सगळं तिथून आलं. थोडा द्राक्षमळा विकून निघाले होते. जहाजाचं भाडं त्यातून भागलं की फिलाडेल्फियाला उतरून काही वर्षं कुणाकडे बांधील म्हणून राबावं लागलं, याचा कागद नाही. मी तिथे एक अंदाज लिहिला होता. तुम्ही तो खोडून समासात लिहिलंत, "इथे जागा रिकामी ठेव." ती तशीच ठेवली आहे.

आणि तो व्हिडिओ कॉल. सासऱ्यांना त्यांच्या आजीकडून आलेली पेन्सिल्व्हेनिया डच बोली थोडीफार येते; नावात 'डच' असलं तरी ती जर्मनचीच बोली. ते बिचकत तिच्यात बोलले, तुम्ही पुण्याहून प्रमाण जर्मनमध्ये उत्तर दिलंत, आणि दोघांनाही एकमेकांचं समजत होतं! दोघं सफरचंदाच्या पदार्थांवर बोलत बसलात. इतकी वर्षं घरात ही बोली ऐकायला कुणी उरलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ते दिवसभर खुशीत होते.

बाई, तुम्ही यासाठी एक पैसा घेतला नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावरही भिंगाखाली पानं वाचत राहिलात, हे मला तुमच्या भाचीकडून नंतर कळलं. नवी वंशावळ आता बांधून तयार झाली आहे. प्रत्येक नोंदीखाली ती कुठून घेतली ते लिहिलं आहे, तुमच्या शिस्तीप्रमाणे. पहिल्या पानावर तुमचं नाव घालायची परवानगी सासऱ्यांनी स्वतः मागितली आहे. या वेळी नाही म्हणू नका. दिवाळीनंतर आम्ही पुण्याला येतो आहोत, तेव्हा एक प्रत तुमच्या हातात देऊ. सोबत मूळपुरुषाच्या पत्नीच्या माहेरच्या गावच्या चर्चच्या वहीची प्रतही आणते. तिच्या आईवडिलांची पानं अजून वाचायची आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुमची विद्यार्थिनी