सुगाव्याचे टोक : ग्रंथपाल बाईंना अनावृत पत्र

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

ग्रीक पुराणातील वीर थीसियसची कथा सांगणाऱ्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करताना, राजकन्या आरियाड्नीने भूलभुलैयाच्या दाराशी त्याला 'क्लू' दिला, हे वाक्य मी 'तिने त्याच्या हाती सुगावा दिला' असे बिनदिक्कत उतरवले होते. माझी वही चाळताना आपण चष्म्यावरून पाहत एवढेच विचारलेत, "अहो, पुढच्या ओळीत तो याचे टोक दाराला बांधतो. सुगाव्याला टोक कुठले?"

मग ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा जाडजूड खंड आपण स्वतः उचलून आणलात, आणि 'क्लू'चा मूळ अर्थ सुताचा गुंडा हा आहे, हे मला पन्नाशीत कळले. चौदाव्या शतकात इंग्रजी कवी चॉसरने हीच कथा सांगताना तो शब्द याच अर्थाने वापरला आहे. क्रीटच्या मिनोस राजाच्या त्या भूलभुलैयात मिनोटॉर या अर्ध्या बैलाच्या, अर्ध्या माणसाच्या राक्षसाला मारून थीसियस सोडत नेलेल्या दोऱ्याच्या मागाने परतला. त्यामुळे कोड्यातून वाट दाखवणारे जे काही असेल तो 'क्लू' ठरला, आणि पुढे गुप्तहेरांनी आणि शब्दकोड्यांनी तो असा उचलला की त्यात कधी सूत होते याचाच विसर पडला. गंमत म्हणजे त्याचे जुने स्पेलिंग (clew) दर्यावर्दी लोकांनी जपले. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला ते आजही त्याच स्पेलिंगने ओळखतात. 'क्लूलेस' म्हणजे बावळट, हा अर्थ मात्र दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाईदलाच्या बोलीतला. तो वाचताना आपण हसू दाबलेत, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

त्याहून मोठे ऋण पुढचे आहे. टेबलावरच्या वर्तमानपत्रातील 'चोरीचे धागेदोरे पोलिसांच्या हाती' या मथळ्यावर आपण बोट ठेवलेत, आणि माझी अडचण तिथेच सुटली. आरियाड्नीच्या हाती मी सुताचा गुंडा दिला आणि जेथे लेखक तोच शब्द लाक्षणिक अर्थाने वापरतो तेथे 'धागा' ठेवला. एकाच शब्दाचा इंग्रजीत झालेला प्रवास त्यामुळे मराठीतही दिसू लागला.

मुद्रिते कालच आली. मुद्रितशोधकाने समासात लाल शाईने लिहिले आहे : 'नायिकेच्या हाती गुंडा कसा?' त्याला आपल्याकडेच पाठवत आहे.

आपला ऋणी,
एक अनुवादक