सईच्या शाळेबद्दल

चि. सौ. मेधा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आप्पा, तुम्ही इतकी वर्षं केंद्रप्रमुख म्हणून शाळा तपासल्या, शेकड्यांनी वर्ग पाहिलेत. एकदाचं सांगा, सईला पहिलीला कुठे घालू? जिल्हा परिषदेची शाळा चांगली की इंग्लिश मीडियमची?" हे फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. जावईबापूंनाही वाचायला दे. त्यांना सईच्या इंग्रजीची काळजी वाटते आणि ती काळजी रास्त आहे.

मुळात 'खासगी' म्हटलं की आज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पिवळी बस आणि टाय येतो. पण तू स्वतः ज्या हायस्कुलात शिकलीस तेही खासगी संस्थेचंच होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तीसुद्धा सरकारी नव्हे. अशा अनुदानित शाळा संस्था चालवतात आणि शिक्षकांचा पगार शासन देतं. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना वाट मोकळी झाली. त्या पूर्णपणे फीवर चालतात. तुम्ही सईसाठी बघताय ती हायवेवरची इंग्लिश मीडियमची शाळा त्यातली. सरकारी म्हणाव्यात तर जिल्हा परिषद, नगरपालिका, आश्रमशाळा, नवोदय, सगळ्यांची तऱ्हा वेगळी. तेव्हा सरकारी की खासगी, या प्रश्नाला एकच एक उत्तर मिळेल अशी आशा धरू नकोस.

तू आकडे विचारलेस. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. तिची एक गोष्ट मला फार पटते: ही माणसं मुलांना शाळेत तपासत नाहीत, खेड्यात घरोघर जातात आणि एकेका मुलाला जवळ बसवून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. तिथे फळ्यावरचं पाठ केलेलं कामाला येत नाही. २०२२ मध्ये देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी १६.३ टक्के मुलांना तो उतारा वाचता आला, २०२४ मध्ये २३.४ टक्के. सुधारणा मोठी आहे, पण तिसरीतल्या चारांपैकी तिघांना अजूनही दुसरीचं वाचता येत नाही, हे त्याच आकड्यात आहे. खासगी शाळांचा आकडा याहून वर असतो. मात्र तिथेही निम्म्याहून जास्त मुलं अडखळतातच. फी भरली म्हणजे वाचन आलं, असं समजू नका.

आता खासगीचा आकडा वर का? हाच प्रश्न कोणी नीट विचारत नाही. खासगीत मूल घालणाऱ्या घरात बहुधा आई शिकलेली असते, घरी पुस्तक असतं, संध्याकाळी कोणीतरी अभ्यासाला घेऊन बसतं, शिकवणी लावायला पैसे असतात. तेच मूल समोरच्या सरकारी शाळेत बसलं असतं तरी त्याने वाचलं असतं का? हे तपासायचं तर एकसारख्या घरांतली मुलं दोन्हीकडे पाठवून पाहिली पाहिजेत. आंध्र प्रदेशात ते झालं. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २००८ पासून तिथल्या खेड्यांत चिठ्ठ्या टाकून, म्हणजे सोडत काढून, काही मुलांची खासगी शाळेची फी भरली. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही ती सरकारीतच राहिली. चार वर्षांनी दोघांची परीक्षा घेतली. तेलुगू, गणित, इंग्रजी, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं, कशातच फरक सापडला नाही. हिंदीत तेवढी खासगीतली मुलं पुढे होती, कारण त्या सरकारी शाळांत हिंदी शिकवतच नव्हते.

हे वाचून आमच्या शिक्षक मंडळींनी टाळ्या वाजवायचं कारण नाही. त्याच अभ्यासात आहे की त्या खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. शिक्षक कमी शिकलेले, पगार तुटपुंजा, तरी निकाल बरोबरीचा. आपल्या सरकारी शिक्षकाला पगार चांगला, प्रशिक्षण चांगलं, नोकरी पक्की. मग त्याच्या मुलांनी स्पष्टपणे पुढे असायला हवं, नुसतं बरोबरीत राहून कसं चालेल? हा सवाल मी बैठकांमध्ये सारखा विचारत आलो आणि आजही विचारतो, कारण त्या पगाराचा पैसा गरिबातल्या गरिबाच्या करातूनही येतो.

वर्गात गेलो की मी काय बघायचो ते सांगतो. तुलाही तेच बघायचं आहे.

पहिलीच्या पुस्तकात चित्राखाली शब्द असतो. मूल चित्राकडे बघून 'कमळ' म्हणतं आणि सगळे खूश होतात. मी चित्रावर हात ठेवायचो. मग खरं कळायचं. त्यानंतर अजून न शिकवलेलं पान उघडायचो आणि त्यातला एक साधा शब्द दाखवायचो. पाठ केलेलं आणि आलेलं, यातला फरक तिथे लगेच दिसतो. वह्याही बघायचो. सगळ्या वह्यांत 'माझी आई' निबंध शब्दन्‌शब्द तोच, अक्षर वळणदार आणि खाली लाल शाईची बरोबरची खूण. अशा वह्या मी सरकारीत पाहिल्या, खासगीतही पाहिल्या. खासगीत कागद गुळगुळीत आणि वर कव्हर, एवढाच फरक. उलट वेड्यावाकड्या अक्षरात 'माझी आई ऊसतोडीला जाते तवा मी भाकरी करते' असं लिहिलेली वही दिसली की समजायचं, इथे कोणीतरी शिकवतंय.

तुमच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पहिली-दुसरीच्या बाईंचा वर्ग मी पाहिला आहे. त्या दिवशी दुसरीच्या एका मुलाने ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिलं होतं. ही चूक घरोघरची आहे: दोनातून सात जात नाहीत, मग मूल सातातून दोन काढतं. बाईंनी 'चूक' म्हटलं नाही. "कसं केलंस ते मला सांग," म्हणाल्या. त्याने सांगितलं. मग त्याच्यापुढे काड्या ठेवल्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. "यातल्या सत्तावीस मला दे." पोरगं दोन गठ्ठे देऊन अडलं, सुट्या दोनच. बराच वेळ बघत बसलं. बाई गप्प. शेवटी त्याने आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढलं. उरलेल्या काड्या मोजल्या, पंचवीस भरल्या, आणि पाटीवरचे ३५ स्वतःच पुसले. तेवढ्या वेळात पहिलीची मुलं जमिनीवर आखलेल्या चौकटीत मुळाक्षरांवर उड्या मारत होती, एकमेकांचं चुकलं की ओरडून सांगत होती. 'हातचा घे' असं बाईंनी तोंडाने एकदाही म्हटलं नाही. मेधा, गुणवत्ता म्हणतात ती हीच. स्मार्ट बोर्ड असो नसो, न येणाऱ्या मुलासाठी शिक्षक थांबतो का, ते बघायचं.

आता त्या शाळेची उणी बाजूही ऐक. शाळा द्विशिक्षकी आहे. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असा हिशेब आहे, मग वर्ग चार असोत. म्हणजे एकाच वेळी दोन इयत्ता सांभाळायच्या. एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की दुसऱ्याने चारही वर्ग ओढायचे. शिवाय रोजची ऑनलाइन माहिती: खिचडीच्या तांदळाची, आधारची, कुठल्या तरी सप्ताहाच्या फोटोंची. 'आज बारापर्यंत पाठवा' असा निरोप ग्रुपवर आला की चालू तास मोडतो. शिक्षकाला शिकवू द्या, हे मी नोकरीत असताना वरच्यांना तोंडावर सांगत होतो आणि आज तुला सांगतानाही मला तितकाच राग येतो. आणि सगळ्यांत मोठी धास्ती बदलीची. बाई उद्या बदलून गेल्या तर? वाबळेवाडीची शाळा नावारूपाला आणणारे दत्तात्रय वारे गुरुजी पुढे जालिंदरनगरला गेले आणि तिथली शाळा उभी राहिली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या माणसांचा मला अभिमान आहे. सरकारी शाळेत काय होऊ शकतं ते त्यांनी दाखवलं. पण एका माणसाच्या येण्या-जाण्यावर शाळा हलत असेल तर व्यवस्था कुठेतरी कच्ची आहे, हेही त्यातच दिसतं.

हायवेवरच्या शाळेत काय बघायचं? पहिलीच्या मॅडम किती वर्षं तिथे आहेत ते विचार. अशा शाळांत डी.एड., बी.एड. झालेल्या हुशार मुली अगदी थोडक्या पगारावर राबतात आणि कुठे बरं मिळालं की वर्षाच्या मध्यातच निघून जातात. त्यांचा यात काही दोष नाही. पण लहान मुलाला दिवाळीनंतर नवी मॅडम, उन्हाळ्यात आणखी नवी, हे सोसत नाही. दुसरं, मॅडम मुलांशी इंग्रजीत बोलतात की इंग्रजी फक्त फळ्यावरून उतरवून घेतात? 'स्टँड अप, सिट डाउन, मे आय गो टू टॉयलेट' एवढ्यावर इंग्रजी संपत असेल आणि बाकी सगळं मराठीतच समजवावं लागत असेल, तर मुलाला विज्ञान धड मराठीत कळत नाही, धड इंग्रजीत नाही. मी पाचवी-सहावीत अशी मुलं पाहिली आहेत. 'फोटोसिंथेसिस'चं स्पेलिंग अचूक, पण झाड अन्न कशापासून करतं विचारलं की गप्प. तिथल्या मॅडम खरोखर इंग्रजीत बोलत असतील, मुलं मोकळेपणी उत्तरं देत असतील, तर ती शाळा चांगली आहे, आणि मी तसं मोकळ्या मनाने म्हणेन. शिस्त, वेळेवर भरणारी शाळा, पालकांना मिळणारा जाब, या गोष्टी त्यांच्याकडून आपल्या शाळांनी घ्याव्यात.

जावईबापूंना सांग, इंग्रजी हवीच. ज्या मुलाचं मराठी वाचन पक्कं होतं त्याला दुसरी भाषा जड जात नाही, असा माझा आजवरचा अनुभव. जिल्हा परिषदेतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे, मात्र तो अनेक ठिकाणी कच्चा शिकवला जातो. तिथे घरून जोड द्यावी लागेल. बसची आणि शाळेची फी वाचेल त्यातून दर महिन्याला गोष्टींची दोन पुस्तकं घ्या, एक मराठी, एक इंग्रजी, आणि रोज रात्री तिच्याबरोबर मोठ्याने वाचा.

माझं मत विचारशील तर सईला पहिली-दुसरीसाठी वस्तीवरच्या शाळेत घाल. मी जिल्हा परिषदेचा माणूस आहे म्हणून हे म्हणत नाही. त्या बाईंचा वर्ग मी डोळ्यांनी पाहिला आहे म्हणून म्हणतो. शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि मजुरांची, बागायतदारांची, दुकानदारांची पोरं तिथे एका पंगतीत खिचडी खातात. हा निर्णय काही जन्माचा नाही. तिसरीला जाताना पुन्हा बघा. बाई बदलल्या, नवीन माणूस नीट नसला, तर शाळा बदलायला मी तुम्हाला अडवणार नाही. मुलीचं वर्ष तत्त्वापायी वाया घालवायचं नसतं.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि ते माझ्या जिव्हाळ्याचं आहे. बोलणारे, विचारणारे पालक निघून गेले की सरकारी शाळेचा पट घसरतो, पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, आणि मग उरतात ती ज्यांना दुसरीकडे जाताच येत नाही अशी मुलं. २०२४ मध्ये आपल्या सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव मोफत जागांतून सूट दिली. त्याबरोबर पालकांचे अर्ज एकदम घटले. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, ते योग्यच झालं. पण गरीब आई-बापसुद्धा दारातली फुकट शाळा नको म्हणतात, हे ऐकून मला त्या रात्री झोप लागली नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो आणि निम्म्या जागा बायकांच्या. तू तिथे बसलीस तर शिक्षक वरून मागितलेल्या माहितीच्या कागदांत का अडकले, तिसरीच्या किती मुलांना वाचता येतं, हे विचारणारं कोणीतरी असेल. त्याचा फायदा सईला होईलच, शेजारच्या पारधी वस्तीवरच्या पोरांनाही होईल.

एप्रिलच्या परीक्षांआधी, वर्ग भरलेले असतानाच, दोन्ही शाळांत जाऊन ये. कार्यालयात बसून माहितीपत्रक घेऊ नकोस, पहिलीच्या वर्गात मागे बसायची परवानगी माग. नाही म्हणाले तर तेही लक्षात ठेव. वह्या बघ, चित्रावर हात ठेवून बघ, मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात पाणी आहे का बघ. काय दिसलं ते लिहून कळव. मी पुढच्या आठवड्यात तिकडे येतोच आहे, तेव्हा बाईंना दोघं मिळून भेटू. त्यांच्या बदलीचं काय चाललंय तेही विचारून घेऊ.

सईला गोड पापा. आईचा गुडघा आता बरा आहे.

तुझे,
आप्पा