क्लासचा दाखला आणि परीक्षेचे प्रमाणपत्र

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

पदवी परीक्षांचे निकाल लागू लागले की वृत्तपत्रांतून संगणक क्लासच्या जाहिराती वाढतात आणि ‘सहा महिन्यांत आयटीत नोकरी’, ‘प्रमाणपत्रासह 100 टक्के प्लेसमेंट’ अशा ओळी वाचून अनेक घरांत हिशेब मांडले जातात. मी सोळा वर्षे पुण्यात नेटवर्किंगच्या क्षेत्रात नोकरी करतो आणि त्यातली बरीच वर्षे फ्रेशर उमेदवारांच्या मुलाखतीही घेतो. त्यामुळे गावाकडचे पालक मला दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, की सर्टिफिकेट मिळाले तर मुलाला नोकरी लागेल का. फोनवर दोन मिनिटांत याचे उत्तर देताना नेहमी काहीतरी राहून जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुळात ‘प्रमाणपत्र’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. क्लास पूर्ण केल्यावर तो क्लास स्वतःच्या नावाने जे देतो, तो केवळ हजेरीचा दाखला असतो. सिस्को, रेड हॅट, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲमेझॉन यांसारख्या कंपन्या स्वतंत्र परीक्षा घेऊन जे देतात, ते खरे व्यावसायिक प्रमाणपत्र. त्यावर क्रमांक असतो आणि नोकरी देणारा तो कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहू शकतो. माझ्यासमोर येणाऱ्या अर्जांत ‘सीसीएनए’ (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि क्रमांक विचारला की उमेदवार गोंधळून सांगतो, की परीक्षा दिलेली नाही, फक्त कोर्स केला आहे. त्या मुलाचा खोटे बोलण्याचा हेतू नसतो. क्लासने त्याला हा फरक कधी सांगितलेलाच नसतो, आणि फी भरताना घरच्यांनाही तो कळलेला नसतो.

या गैरसमजाचे एक कारण आपल्याच अनुभवात आहे, असे मला वाटते. 2001 पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम घरोघरी पोहोचला आणि शासकीय नोकरीसाठी तो दाखला जोडावा लागत असल्याने ‘कागद असला की काम होते’ ही समजूत पक्की झाली. त्या अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणकासमोर बसवले, त्याबद्दल मला आदरच आहे. परंतु शासकीय भरतीत अर्हतेचा नियम असतो, तसा नियम खासगी आयटी कंपनीत नसतो. तिथे प्रमाणपत्र पाहून अर्ज मुलाखतीसाठी निवडला जातो आणि पुढचा अर्धा तास उमेदवाराला काय येते हेच पाहिले जाते.

तरीही प्रमाणपत्र निरुपयोगी आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. असे म्हणणारे बहुधा मोठ्या शहरातल्या, कॅम्पसवर कंपन्या येणाऱ्या महाविद्यालयांत शिकलेले असतात. काही वर्षांपूर्वी पंढरपूरकडची, डिप्लोमा झालेली एक मुलगी माझ्याकडे मुलाखतीला आली होती. एकाच स्विचला (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राला) जोडलेले दोन संगणक वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच यंत्रावर पाडलेल्या स्वतंत्र आभासी नेटवर्कमध्ये, असतील, तर त्यांचा संपर्क का होत नाही आणि तो घडवायला राउटर कुठे बसवावा लागेल, हे तिने फळ्यावर आकृती काढून इतके स्वच्छ समजावले, की आम्हाला पुढचा प्रश्न विचारावासा वाटला नाही. सिस्कोचे ‘पॅकेट ट्रेसर’ हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरून ती घरच्या घरी सराव करत असे. मात्र तिच्या महाविद्यालयाचे नाव आमच्याकडे कुणाला माहीत नव्हते, हाती कोणतेही प्रमाणपत्र नव्हते, आणि एका सहकाऱ्याने शब्द टाकला नसता तर तिचा अर्ज माझ्या टेबलापर्यंत आलाच नसता. अशा मुलामुलींना प्रमाणपत्राचा खरा उपयोग आहे, कारण त्यांच्यासाठी शब्द टाकणारे सहसा कुणी नसते.

याउलट, सीसीएनएची परीक्षा खरोखर उत्तीर्ण झालेला एक तरुण पन्नास संगणकांच्या कार्यालयासाठी सबनेट, म्हणजे नेटवर्कमधल्या पत्त्यांचा गट, केवढे घ्यावे, हे सांगू शकला नाही. संगणकांना 62 पत्ते देणारे, ‘/26’ या आकाराचे सबनेट पुरते, हे त्या अभ्यासक्रमातले अगदी पायाचे गणित आहे. बोलता बोलता त्यानेच सांगितले, की इंटरनेटवर फिरणारे ‘डम्प’, म्हणजे फुटलेले प्रश्न, पाठ करून त्याने परीक्षा दिली होती. मला त्याचा राग आला नाही, वाईट वाटले, कारण एवढे पैसे आणि वर्षभराचा वेळ खर्च करून त्याला शेवटी काहीच शिकवले गेले नव्हते.

म्हणून परीक्षा निवडताना ती कशी घेतली जाते, हे आधी पाहावे. लिनक्स ही संगणक प्रणाली सांभाळण्याच्या, रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्याय निवडायचे प्रश्न नसतात. तीन तासांत प्रत्यक्ष लिनक्स यंत्रावर कामे करून दाखवावी लागतात, आणि केलेले बदल यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही टिकावे लागतात. अनेक सर्व्हरवर चालणारी ॲप्लिकेशन्स सांभाळणाऱ्या कुबरनेटीज या प्रणालीच्या सीकेए परीक्षेतही हाताने काम करावे लागते. पाठांतराने अशा परीक्षा सुटत नाहीत, त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याच्या मनात त्यांचे वजन वेगळे असते. ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर किंवा मायक्रोसॉफ्टची एझेड-900 या क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणक सेवांची, केवळ ओळख करून देणाऱ्या परीक्षा आहेत. त्या जरूर द्याव्यात, परंतु केवळ त्यांच्या बळावर क्लाउड अभियंत्याची जागा मिळेल, असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

खर्चाचाही विचार हवा. सीसीएनएचे शुल्क 300 डॉलर आहे, करासह ते तीस हजार रुपयांच्या घरात जाते, आणि नापास झाल्यास पुन्हा पूर्ण भरावे लागते. या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असते. दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने घाईने परीक्षा दिली, तर नोकरी शोधण्याच्या वेळी निम्मी मुदत सरलेली असते. माझा सल्ला असा, की आधी एनपीटीईएलसारख्या (आयआयटींच्या ऑनलाइन) मोफत अभ्यासक्रमांतून पाया पक्का करावा, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून रोज हात चालवावा, केलेल्या कामाची नोंद ठेवावी, आणि शेवटच्या वर्षात, सराव झाल्यावरच, एकच परीक्षा द्यावी. चार प्रमाणपत्रांच्या पॅकेजसाठी कर्ज काढू नये, सोने मोडू नये, हे मी पालकांना हात जोडून सांगतो.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. क्लासची जाहिरात स्वीकारताना तीत दोन गोष्टी स्पष्ट लिहिण्याचा आग्रह धरावा: मिळणारे प्रमाणपत्र क्लासचे स्वतःचे आहे की कंपनीच्या परीक्षेचे, आणि त्या परीक्षेचे शुल्क फीमध्ये धरलेले आहे की नाही. जमल्यास करिअर पुरवणीत हा फरक समजावणारी एक चौकट प्रवेशाचा हंगाम सुरू होण्याआधी प्रसिद्ध करावी, म्हणजे फी भरायला निघालेल्या पालकांच्या ती वेळेवर नजरेस पडेल.

आपला नियमित वाचक,
एक नेटवर्क अभियंता, पुणे