उत्तरेला निघण्याआधी

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. पुढच्या महिन्यात कुमासी सोडून उत्तरेला, ब्लॅक व्होल्टाकाठी मुक्काम, असं काल फोनवर सहज सांगून टाकलंस. बाबा लगेच घानाचा नकाशा उघडून बसले. मी गप्प राहिले, नाहीतर पुन्हा तेच निघालं असतं.

जंगलातल्या ओढ्यांवर काळ्या माश्यांचा अभ्यास करत होतीस तोवर धीर होता. सावलीतल्या पाण्यात वाढणारी ती त्या माशीची याहेन्से जात. त्या भागात तिच्या चाव्यातून जंत शिरून होणाऱ्या रोगानं, त्या 'रिव्हर ब्लाइंडनेस'नं, डोळे कमी जातात, असं तूच सांगितलंस. आता निघालीस गवताळ मुलखात, सिरबानम नावाच्या दुसऱ्या जातीच्या नद्यांवर. डोळे जास्त जातात ते तिकडेच. काळ्या माशीपायी लोकांनी नदीकाठची सुपीक जमीन टाकून गावं हलवली. शिवाय ती पावसाळी वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जाते म्हणे. मग सुरक्षित म्हणायचं कुठल्या काठाला?

एका चाव्यानं काही होत नाही, वर्षानुवर्षं चावे बसावे लागतात, हे कळतं गं मला. 1974 पासून हेलिकॉप्टरनं नद्यांवर औषध फवारलं, पुढे या रोगावरच्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या गावोगाव फुकट वाटल्या, तेही पाठ झालंय. तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. माशी दिवसाच चावते, आणि अळ्या असतात खळाळत्या पाण्यातल्या दगडांवर, म्हणजे तू उतरतेस तिथेच. एकटी उतरू नकोस. गेल्या वेळचा सुजलेला घोटा फोटोत पाहिलाय मी. बरं, पुरे. रागावू नकोस.

माईला काचबिंदू झाला तेव्हा तू पाचवीत होतीस. तिला विहिरीकडे नेताना एकेक पायरी सांगायचीस, "माई, इथे शेवाळ आहे, डावा पाय टाक." शेवटची पायरी उतरली की तिच्या हातात रहाट द्यायचीस.

परवा शिंदेवहिनींना सांगत होते, या माश्या दिसायला सगळ्या सारख्या. अळीच्या रेशीमग्रंथीतल्या गुणसूत्रांवरचे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली वाचून आमची मनू जात ओळखते. युगांडात एका जातीच्या अळ्या खेकड्याच्या अंगावर वाढतात म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, "खेकड्याच्या?" इतकं बरं वाटलं मला!

मेतकूट आणि कुळथाचं पीठ नितीनबरोबर पाठवतेय. निघायच्या आधी डोळे तपासून घे. गोळी घ्यावी लागेल का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारलंस? विचारून रविवारी फोन कर. बाबांना नको, मला कर.

तुझी,
आई