टॅक्सी म्हणून वापरलेली इलेक्ट्रिक कार खासगी सांगून विकल्याबाबत तक्रार

अमळनेर, जि. जळगाव
दि. १४ मे २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ९ एप्रिल रोजी ताब्यात दिलेली कार परत घेऊन पूर्ण रक्कम मिळणेबाबत

महोदय,

आपल्या नाशिकच्या केंद्रातून मी ६ लाख ८० हजारांना २०२१ची इलेक्ट्रिक कार घेतली. सोबत दोनशे मुद्द्यांचा तपासणी अहवाल मिळाला. त्यात वायपरच्या रबराची नोंद आहे, डिक्कीतल्या दिव्याचीही आहे. बॅटरीसमोर एकच शब्द : "ठीक". गाडीतली सगळ्यात महाग वस्तू तीच.

मी डोळे मिटून गाडी घेतली नाही. सरकारच्या एमपरिवाहन अ‍ॅपवर नंबर टाकला : खासगी नोंद, दुसरा मालक, कर्जाचा बोजा नाही, विमा चालू. मग आपल्या प्रतिनिधीला तीनदा म्हटलं, बॅटरीचा एसओएच लेखी द्या. म्हणजे नवी असताना जेवढी वीज मावायची, त्याच्या किती टक्के आज मावते तो आकडा. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं, "सर, फुल चार्जला २४० दाखवते, टेन्शन नका घेऊ." सोबत डॅशबोर्डचा फोटो. तो आकडा म्हणजे किती किलोमीटर जाईल याचा नुसता गाडीचा अंदाज. आधीचे काही किलोमीटर एसी बंद ठेवून सावकाश चालवले की तो फुगतो. खरी स्थिती ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला, यंत्र जोडून वाचावी लागते, काही मिनिटांचं काम. ते आपण केलं नाही, की केलं आणि कागदावर आणलं नाही?

२४ एप्रिलला पूर्ण चार्ज करून जळगावला गेलो. आपल्याकडचं ऊन, एसी लावावाच लागतो. कामं उरकून परत निघालो तर धरणगावला ९ टक्के उरले. ओळखीच्या हार्डवेअरवाल्याने पंधरा अँपियरच्या सॉकेटवर गाडी लावू दिली. तीन तास सिमेंटच्या गोण्यांवर बसून मी आणि सौ.नी चहा घेतला. तिने तोंडातून शब्द काढला नाही, ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरने एसओएच काढला : ६८ टक्के.

खरी गोष्ट पुढेच आहे. माझा भाचा टॅक्सी चालवतो. मागच्या सीटवर बसला आणि दारालगतच्या खांबावरची प्लास्टिकची टोपी त्याने नखाने उचकटली. खाली स्क्रूची दोन भोकं आणि कापलेली वायर. "मामा, हायी ते टॅक्सी व्हती!" प्रवासी टॅक्सीला पॅनिक बटण, म्हणजे संकटात दाबायचं बटण, सक्तीचं असतं. ही भोकं त्याचीच. मग हिरव्या नंबरप्लेटकडे लक्ष गेलं. चार वर्षांच्या गाडीला कोरी करकरीत प्लेट! टॅक्सीच्या हिरव्या प्लेटवर अक्षरं पिवळी असतात, खासगीच्या पांढरी. आरटीओत चौकशी केल्यावर कळलं की गाडी आधी टॅक्सी म्हणूनच नोंदलेली होती, नंतर खासगीत बदलली. अ‍ॅपवर मला दिसली ती फक्त आजची नोंद. टॅक्सी म्हणजे दिवसभर धावणं आणि वरचेवर फास्ट चार्जिंग. आता वॉरंटीच्या अटीही वेगळ्या लागू होतील, असं सर्व्हिस सेंटर म्हणतं.

एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं आणि ताब्यातल्या गाडीचा मालक तोच मानला जातो. तेव्हा "आम्हाला कल्पना नव्हती" हे उत्तर कृपया देऊ नये.

गाडी परत न्यावी आणि किंमत, हस्तांतरण खर्च व विमा धरून पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत द्यावी. बॅटरी बदलून देतो वगैरे तडजोड मला नको. ज्या गाडीचा भूतकाळ लपवला ती दारात नको आहे. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फी दोनशे रुपये आहे. आयोगापर्यंत ही गाडी एका चार्जमध्ये पोचते. परतीला एसटी आहेच.

अहवाल, व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण, एसओएचचा कागद आणि त्या दोन भोकांचे फोटो जोडले आहेत. फोनवर बोलणी नकोत, उत्तर लेखी पाठवावे.

आपला,
एक ग्राहक